म्होरक्याची जागा

फार फार वर्षांपूर्वी, लोक दिवस सावलीवर मोजत असत त्या काळी, एका नदीकाठी एक राज्य होतं. लहानांनो, तुम्ही पुढे सरका. मोठ्यांनो, तुम्ही मागे बसलात तरी चालेल, पण कान इकडेच ठेवा. गोष्ट चेंडूची असली तरी ती तुमच्याच जास्त कामाची आहे.

त्या राज्यातल्या लोकांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक आपापल्या हातच्या कामाचं आणि दुसरं पायाने खेळायच्या चेंडूचं. चामड्याच्या पिशवीत कापूस ठासून भरला की झाला चेंडू. मैदानाच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खांब रोवायचे, त्याला म्हणायचं वेस. समोरच्यांच्या वेशीतून चेंडू पार गेला की एक वेस फुटली. चेंडूला हात लावायचा नाही. ती मुभा फक्त वेशीवर उभ्या असलेल्या राखणदाराला.

सुगी संपली की खेळ सुरू व्हायचे. ते गावागावांत नव्हे, तर कारखान्याकारखान्यांत व्हायचे. ज्याच्याकडे दहाच्या आत माणसं, तो पाचांचा डाव खेळे. दहाच्या वर गेला की अकरांचा. आणि ज्याच्या कारखान्यात शंभरावर माणसं, त्याला महाडाव खेळावा लागे. म्हणजे अकरा-अकरांच्या तीन तुकड्या, शेजारशेजारची तीन मैदानं आणि तिन्हीवर डाव एकाच वेळी. तीनपैकी दोन जिंकले की महाडाव जिंकला. कारखान्याचा जो मालक, तोच खेळाचा म्होरक्या, असा रिवाज होता.

तर या राज्यात हैबती नावाचा एक तांबट होता. तांब्याचे हंडे आणि घागरी घडवायचा. त्याच्या कारखान्यात मोजून पाच माणसं. एक स्वतः हैबती. दुसरे जिवबाकाका, भांड्यांना कल्हई करणारे, वयाने सर्वांत मोठे. तिसरी गिरजा. घडवलेल्या हंड्यावर बारीक हातोडीचे ठोके देऊन तो घट्ट आणि चकचकीत करतात, त्याला मठारणं म्हणतात. गिरजेसारखं मठारकाम साऱ्या राज्यात कोणाचं नव्हतं. चौथा भुजंगा, अंगाने आडदांड, जड घण तोच उचलायचा. आणि पाचवा लखू, पायाने चपळ आणि डोक्याने उतावळा.

हैबती सगळीकडे असायचा. भाता मंद झाला की भात्यावर, पत्रा वाकडा गेला की घणावर. "लखू, ताव बघ! काका, राख झटका! गिरजा, काठाला दोन ठोके अजून!" असा त्याचा आवाज सकाळपासून सुरू व्हायचा तो दिवेलागणीलाच थांबायचा. आणि कोणाला त्याचा राग येत नसे. कारण तो सांगायचा ते बरोबर असायचं, आणि सांगता सांगता तो स्वतः घामाने निथळत असायचा.

खेळातही तसंच. पाचांचा डाव कारखान्यांच्या मधल्या चौकात व्हायचा. जागा ती केवढीशी! हैबती या टोकाला चेंडू अडवायचा, चार ढांगांत त्या टोकाला पोचायचा, आणि पळता पळता चौघांनाही ओरडून सांगायचा. जिवबाकाका वेशीवर उभे असायचे. तीन वर्षं त्यांची वेस फारशी कोणी फोडली नाही.

"हैबतीदादा आहे ना," लखू म्हणायचा, "मग आपल्याला काय काळजी!"

हैबतीला हे ऐकून बरं वाटायचं. कोणाला नाही वाटणार?

हळूहळू हैबतीच्या हंड्यांचं नाव झालं. लग्नकार्यात हंडा हवा तर हैबतीचा, असं लोक म्हणू लागले. मागणी वाढली तशी माणसं वाढली. पाचांचे दहा झाले, दहांचे तेवीस झाले. चौकातला कारखाना सोडून हैबतीने नदीवरच्या मोठ्या पडवीत बस्तान हलवलं. सगळं बदललं, पण हैबती काही बदलला नाही.

तो अजूनही सगळीकडे असायचा. म्हणजे असायला बघायचा. पडवीच्या एका टोकाला तो घण मारत असला की दुसऱ्या टोकाला सहा जण हात बांधून उभे.

"काय रे, थांबलात का?"

"दादा, गळा अरुंद ठेवायचा की रुंद, ते तुम्ही सांगणार होता."

"अरे, मग विचारायचं नाही?"

"सकाळपासून तीनदा आलो. तुम्ही भट्टीपाशी होता."

गिरजेने मठारलेला हंडा हैबती हातात घेई आणि सवयीने त्यावर चार ठोके आपले म्हणून देई. तो गेला की गिरजा ते चार ठोके पुसून काढायला पुन्हा अर्धा दिवस घालवी. तिच्या हातोडीचा आवाज मात्र जरा जोरात यायला लागला होता.

त्या वर्षी हैबतीचा कारखाना पहिल्यांदा अकरांचा डाव खेळायला उतरला. समोर होते कौलं भाजणारे. साधीसुधी माणसं, खेळात फारसं नाव नसलेली. मैदान मात्र चौकाच्या दहापट. हैबती पहिल्या क्षणापासून चेंडूमागे धावला. चेंडू डावीकडे तर हैबती डावीकडे, चेंडू उजवीकडे तर हैबती उजवीकडे. बाकीचे दहा जण उभ्या जागी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, कारण दादा काय सांगतो याची त्यांना सवय होती. आणि दादाला बोलायला दमच उरला नव्हता. एकदा तर भुजंगा वेशीसमोर अगदी मोकळा उभा होता, चेंडू त्याच्या पायाशी येत होता, आणि मागून धावत आलेला हैबती त्याच्यावरच आदळला. दोघेही आडवे. चेंडू कौलवाल्यांनी आरामात पळवून नेला.

सहा वेशी फुटल्या. हैबतीच्या बाजूने एकही नाही.

मैदानाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून हैबती धापा टाकत होता, तेव्हा त्याची नजर बांधावर गेली. पलीकडच्या तीन मैदानांवर महाडाव चालला होता, आणि बांधावर गोधडी अंथरून एक बाई फुटाणे खात बसली होती. ती सगुणाबाई. तिच्या विणकरखान्यात दोनशे माग होते. पाच वर्षं महाडाव तिच्याच माणसांनी जिंकला होता. आज तिसऱ्या मैदानावर तिच्या तुकडीने वेस फोडली, तरी बाईंनी मान हलवली आणि आणखी एक फुटाणा तोंडात टाकला.

हैबती तडक त्यांच्यापाशी गेला. "बाई, तुम्ही करता तरी काय? सांगा ना."

सगुणाबाई तिन्ही मैदानांकडे बघत होत्या. नजर न वळवता म्हणाल्या, "मी? मी काही करत नाही बाबा. माझी माणसं करतात."

हैबतीने तेवढंच ऐकलं आणि घरी गेला. बाईंना अजून काही सांगायचं होतं की नाही, हे बघायला तो थांबलाच नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या दाराशी एक बाज आली. तिच्यावर गादी आली, लोड आला. हैबती त्यावर बसला आणि सर्वांना म्हणाला, "आजपासून मी काही करणार नाही. तुम्ही करा."

माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"पण दादा, कोणी काय करायचं?" भुजंगाने विचारलं.

"ते तुम्हीच ठरवा," हैबती म्हणाला आणि त्याने फुटाण्यांची पुडी सोडली.

बाळांनो, पुढच्या महिन्यात त्या कारखान्यात जे झालं ते सांगताना मलाच हसू येतं. एका हंड्यासाठी तिघांनी तीन झाकणं केली आणि बूड कोणीच केलं नाही. लखूने कड्या आतल्या बाजूने बसवल्या, कारण बाहेरच्या कड्या दुसरा कोणी बसवेल असं त्याला वाटलं. भट्टी दोनदा विझली, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. गावच्या अन्नछत्राने नेलेले बारा हंडे बाराच्या बारा गळू लागले आणि गाडीत घालून परत आले. आणि अकरांच्या डावात हैबती बांधावर बसला, तर त्याचे अकराही जण मोहोळ उठल्यासारखे एकाच चेंडूमागे धावले. वेशीवरचे जिवबाकाकासुद्धा! रिकाम्या वेशीतून कौलवाल्यांनी चेंडू चालत चालत नेला. या खेपेला आठ वेशी फुटल्या.

मैदानावरून परतताना गिरजा हैबतीसमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तिची बारीक हातोडी फडक्यात गुंडाळलेली होती.

"मी चालले, दादा."

"का गं? आता तर मी तुझ्या कामात बोटसुद्धा घालत नाही."

"तेच तर," गिरजा म्हणाली. "आधी तुम्ही आम्हाला श्वास घेऊ देत नव्हता. आता हाक मारली तर ओ देत नाही. यातलं कोणतं जास्त वाईट ते मला सांगता येत नाही, पण दोन्हीत काम होत नाही. गळका हंडा माझ्या हातून गेला, हे मला मुळीच सोसवत नाही."

ती गेली. हैबती बाजेवर बसला खरा, पण त्या दिवशी त्याला फुटाणे गोड लागले नाहीत. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनची ती सोबती होती. तिच्या पाठोपाठ आणखी दोघे निघायच्या तयारीत आहेत, असं जिवबाकाकांनी हळूच सांगितलं तेव्हा त्याने फुटाण्यांची पुडी बाजूला ठेवली. आपण उभं केलेलं सगळं आपल्याच देखत विस्कटतंय, आणि आपण जिंकणाऱ्या बाईचीच नक्कल करतोय, हे कोडं त्याला सुटेना.

तो पुन्हा सगुणाबाईकडे गेला. या वेळी मैदानावर नाही, त्यांच्या विणकरखान्यात, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथेच बसला.

बाई दिवसभर एकदाही मागावर बसल्या नाहीत हे खरं. पण त्या बसूनही नव्हत्या. वीस-वीस मागांवर एकेक मुकादम होता; त्या दहा मुकादमांशी त्या एकेक करून बोलल्या. एकाच्या घरी आजारपण होतं, त्याच्या जागी दुसऱ्याला नेमलं. रंगाऱ्याकडून सूत उशिरा येतं म्हणून दोन मुकादमांचं वाजलं होतं, त्यांना समोरासमोर बसवलं. कोणत्या लुगड्याला किती रुंद काठ, एवढं मात्र त्यांनी स्वतः ठरवलं आणि दहाही जणांना एकाच शब्दांत सांगितलं.

संध्याकाळी हैबती म्हणाला, "बाई, तुम्ही तर म्हणाला होता, काही करत नाही."

सगुणाबाई खळखळून हसल्या. "अरे, मी चेंडूला पाय लावत नाही, असं म्हणायचं होतं मला! आणि तू ते ऐकून बाज टाकलीस होय?" मग त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे माणसं किती?"

"तेवीस. म्हणजे आता बावीस."

"मग तू बांधावर काय करतोस? माझ्याकडे चार माग होते तेव्हा मी स्वतः मागावर बसून चौघांवर ओरडायचे, आणि ते बरोबर होतं. चाळीस झाले तेव्हा मी मागावरून उठले आणि मधोमध येऊन उभी राहिले. दोनशे झाले तेव्हा कुठे बांध गाठला. तू चौकातून एकदम बांधावर उडी मारलीस. मधलं मैदान कोण खेळणार?"

"मधोमध उभं राहून काय करायचं?"

"दोन्ही टोकांकडे बघायचं. ज्याच्या पायात चेंडू आहे त्याला, कोण मोकळं आहे ते सांगायचं. चेंडू तुझ्याकडे आला तर एकदाच पाय लावायचा आणि पुढे द्यायचा. मागची बाजू कोणाची, पुढची कोणाची, हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरवून टाकायचं. आणि ठरवलंस की मग त्या जागेत तू घुसायचं नाहीस. कितीही पाय शिवशिवले तरी."

हैबती तिथून उठला तो घरी न जाता गिरजेच्या दाराशी गेला. गिरजा अंगणात एका शेजारणीची घागर ठोकून सरळ करत होती.

"गिरजा, चुकलो," तो म्हणाला. "दोन्ही वेळा चुकलो. परत ये."

गिरजेने घागर खाली ठेवली नाही. "येईन. पण मठारकाम माझं. कोणाला शिकवायचं, किती ठोके, कधी हंडा पुरा झाला, ते मी सांगणार. तुम्ही त्यावर हातोडी टेकवायची नाही."

"नाही टेकवणार."

"सवयीने पण नाही?"

हैबतीने कान पकडले. गिरजेला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी ती कामावर हजर होती, आणि दारातली बाज जिवबाकाका दुपारच्या विश्रांतीला घेऊन गेले होते.

आता पडवीचे तीन भाग झाले. घडवणं भुजंगाचं, जोडकाम आणि कड्या लखूच्या, मठारणं आणि शेवटची पारख गिरजेची. हैबती मधोमध. कोणाकडे पत्रा साचलाय, कोणाचे हात रिकामे आहेत, हे तिथून दिसायचं. सुरुवातीला त्याला फार जड गेलं. लखू कडी जरा तिरकी धरायचा आणि हैबतीचे हात आपोआप पुढे व्हायचे. मग तो ते हात पाठीमागे घेऊन एकमेकांत गुंफून उभा राहायचा. लखू स्वतःच कडी काढून सरळ बसवायचा. पुढच्या वेळी ती पहिल्या फटक्यातच सरळ बसायची.

त्या वर्षी कौलवाल्यांशी तिसरा डाव झाला तेव्हा दोन्हीकडून एक-एक वेस फुटलेली होती आणि सावली डाव संपायच्या खुणेला टेकत आली होती. चेंडू हैबतीकडे आला. समोर वेस दिसत होती, जरा दूर, पण त्याच्या पायाच्या टप्प्यात. पाचांच्या डावात त्याने असा चेंडू कधी सोडला नव्हता. त्याचा पाय उचललासुद्धा गेला. मग त्याने मान वळवली. उजवीकडे लखू एकटा, अगदी मोकळा.

"लखू, घे!"

लखूने चेंडू घेतला, आणि उतावळा म्हणून सगळे ज्याला नावं ठेवायचे तो लखू क्षणभर थांबला, राखणदाराला एका अंगाला झुकू दिलं आणि दुसऱ्या अंगाने चेंडू अलगद आत सारला. भुजंगाने त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. आपण वेस फोडली नाही तरी इतका आनंद होतो, हे हैबतीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या पावसाळ्यात नदीने पात्र सोडलं आणि खालच्या अंगाची सात गावं पाण्यात गेली. माणसं वाचली, घरं गेली. राज्याच्या राणीने त्या लोकांना उंच माळावर नवं गाव वसवून दिलं. माळ चांगला होता, पण पाण्याचा झरा खाली खोल दरीत. चढाच्या वाटेवर मातीची मडकी फुटायची. दिवसाआड कोणाचं तरी पाणी वाटेतच सांडायचं आणि लेकरं कोरड्या घशाने वाट बघायची. राणीने हैबतीला बोलावून घेतलं.

"उन्हाळा लागायच्या आत मला नऊशे हंडे हवेत," ती म्हणाली. "होतील?"

हैबतीने बोटांवर दिवस मोजले आणि तो म्हणाला, "होतील."

माणसं वाढवावी लागली. पाहता पाहता ती एकशे तीस झाली. एका पडवीत मावेनात, म्हणून तीन ठिकाणी भट्ट्या लागल्या. एक नदीवर, एक चौकात आणि एक माळाच्या पायथ्याशी. हैबती मधोमध उभं राहायला शिकला होता. पण आता मधोमध म्हणजे कुठे? त्याने एक तट्टू घेतलं आणि तिन्ही ठिकाणी फेऱ्या मारू लागला. नदीवर असला की चौकातली माणसं त्याच्यासाठी थांबायची. चौकात गेला की पायथ्याची. आठव्या दिवशी तो तट्टावर बसल्या बसल्या झोपला. जाग आली तेव्हा तट्टू एका तेल्याच्या घाण्यापाशी निवांत पेंड खात होतं. त्या तेल्याकडूनच ते विकत घेतलेलं होतं, आणि मालक झोपलाय म्हटल्यावर ते आपलं जुन्या घरी गेलं होतं.

तेली पोट धरून हसला. हैबतीही हसला. परत आल्यावर त्याने भुजंगाला हे सांगितलं, तर भुजंगा शांतपणे म्हणाला, "दादा, तीन मैदानांना मधोमध नसतं. बांध असतो."

त्याच दिवशी हैबतीने नदीवरची भट्टी भुजंगाला दिली, चौकातली गिरजेला आणि पायथ्याची लखूला. मठारकामावर मात्र तिन्ही ठिकाणी गिरजेनेच शिकवलेली माणसं बसवली. तिघांना समोर बसवून म्हणाला, "हंडा केवढा, पत्रा किती जाड, हे मी ठरवलंय, त्यात बदल नाही. बाकी तुमच्या मैदानाचे म्होरके तुम्ही. दर चौथ्या दिवशी मला भेटायचं, आणि वाईट बातमी असेल तर चौथ्या दिवसाची वाट बघायची नाही."

वाईट बातमी आलीच. लखूच्या भट्टीवरच्या हंड्यांची बुडं तडकू लागली. हैबती तिथे पोचला तेव्हा चाळीस हंडे रांगेत पडले होते, प्रत्येकाच्या बुडाला केसासारखी चीर. लखूचं तोंड उतरलेलं. हैबतीला एका नजरेत कळलं काय चुकलंय. त्याने घण उचलला. भोवतालची माणसं लगेच बाजूला झाली. आता दादा सगळं बघून घेईल, म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तो श्वास हैबतीने ऐकला. हे चाळीस हंडे आपण आज सुधारू, पण उद्यापासून ही माणसं लखूकडे बघणार नाहीत, आपलीच वाट बघत बसतील. त्याने घण लखूच्या हातात दिला.

"काय वाटतं तुला, लखू?"

लखूने चीर बोटाने चाचपली. "ताव कमी पडतोय. पत्रा पुरता तापायच्या आत आम्ही ठोकतोय. घाई झाली, दादा. माझ्यामुळेच झाली."

"मग?"

"दुसरा भाता लावतो. आणि पत्रा लाल झाल्याशिवाय कोणी घण उचलायचा नाही. पण हे चाळीस पुन्हा वितळवून घडवायला माझी माणसं पुरायची नाहीत."

"ते माझ्याकडे सोड," हैबती म्हणाला. गिरजेच्या भट्टीवर काम चार दिवस पुढे होतं, हे तिन्ही ठिकाणं बघणाऱ्या त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. गिरजेची सहा माणसं संध्याकाळच्या आत पायथ्याशी येऊन पोचली.

नऊशे हंडे उन्हाळ्याच्या आठ दिवस आधी माळावर चढले. बाया ते डोक्यावर घेऊन दरीच्या वाटेने चढू लागल्या तेव्हा पाण्याचा एक थेंब वाटेत सांडला नाही. एक हंडा एकीच्या हातून निसटून खाली गडगडत गेला, खडकावर आपटला, आणि लोकांनी डोळे मिटून घेतले. वर आणला तर त्याला नुसता पोचा पडलेला! त्या गावात त्या दिवशी सगळे पोटभर पाणी प्यायले, आणि मग पोरांनी एकमेकांच्या अंगावरही उडवलं.

त्या वर्षी हैबतीचा कारखाना महाडावात सगुणाबाईंच्या समोर उतरला. दोघं एकाच बांधावर बसली. गिरजेच्या मैदानावर हैबतीचे जिंकले, भुजंगाच्या मैदानावर बाईंचे, आणि लखूच्या मैदानावर शेवटच्या घटकेला एका वेशीने बाईंचेच. हैबती हरला, तरी मोकळेपणाने हसला.

"पुढच्या वर्षी मात्र सांभाळून हं," सगुणाबाई म्हणाल्या. "तुझी तिघं माझ्या दहांना भारी पडणार आहेत."

काही दिवसांनी माळावरच्या लोकांनी निरोप धाडला की हंड्यांच्या डागडुजीसाठी गावातच एक छोटी भट्टी हवी. हैबतीने लखूला पाठवलं. महिनाभराने तो स्वतः बघायला गेला, तर भट्टीसमोर पोचे पडलेल्या हंड्यांची रांग, आणि लखू एका उंच ओट्यावर मांडी घालून बसलेला.

"काय रे हे?"

"दादा, मी बांधावर बसलोय," लखू मोठ्या अभिमानाने म्हणाला. "तुमच्यासारखा."

हैबती त्याच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "इथे माणसं किती?"

"माझ्यासकट पाच."

"अरे शहाण्या, मग उठ! पाचांतला एक बसून राहिला तर उरले किती? बाह्या वर कर, भाता धर, आणि दिवसभर ओरड."

लखू ओट्यावरून उडी मारून उतरला. सूर्य मावळायच्या आत ती सगळी रांग संपली, आणि त्या दिवसापासून लखूचा आवाज माळावरून थेट दरीतल्या झऱ्यापर्यंत ऐकू येऊ लागला. गावकऱ्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

या गोष्टीने सांगायचं ते एवढंच: म्होरक्याने धावायचं, मधोमध उभं राहायचं की बांधावर बसायचं, हे त्याच्या हौसेवर नाही, तर त्याच्यामागे माणसं किती आहेत यावर ठरतं.